पिवळ्या पाण्याचा केमिकल लोचा

रविवारी सकाळी साडेआठला फोन वाजला की समजायचं, एकतर बॉस आहे नाहीतर नांदेड. बॉसचा फोन सायलेंटवर टाकता येतो. नांदेडचा टाकता येत नाही.

"बाळ, तू केमिस्ट्री शिकलीस ना?" बाबांनी 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही.

"शिकले होते."

"मग सांग बरं, आपल्या नळाचं पाणी पिवळं का झालं?"

मी उठून बसले. झालं होतं असं की आदल्या संध्याकाळी घरी एक पोरगा आला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात बॅग. म्हणाला, काका, पाण्याची फ्री टेस्ट करून देतो. त्याने दोन ग्लास घेतले. एकात आपल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आर.ओ.चं. दोन्हींत सळयांचं एक यंत्र बुडवलं, प्लग लावला आणि बटण दाबलं. मिनिटभरात नळाच्या पाण्याला पिवळसर रंग चढला, मग तपकिरी, मग वर चिखलासारखा गाळ तरंगायला लागला. बाटलीतलं पाणी मात्र जसंच्या तसं. "काका, हे तुम्ही रोज पिता," पोरगा म्हणाला.

आईने तोंडाला पदर लावला. बाबांनी चेकबुक काढलं. एसटीतून रिटायर झालेला माणूस, आयुष्यभर एक-एक तिकिटाचा हिशेब ठेवलेला, दहा मिनिटांत मशीन घेऊन मोकळा! रात्री मात्र त्यांना झोप लागली नाही. पैशाचं नाही, म्हणाले. तीस वर्षं आम्ही पोरांना हा गाळ पाजला काय, याचं वाटतंय.

आणि मला उत्तर येत नव्हतं.

हे जरा गंभीर होतं मंडळी, कारण मी साधीसुधी नाही, लातूर पॅटर्नची आहे. दहावीनंतर नांदेडहून बॅग भरून मला लातूरला मावशीकडे पाठवलं होतं. नव्वदच्या दशकात बोर्डाच्या मेरिट लिस्टमध्ये लातूरची नावं झळकायला लागली आणि तेव्हापासून अख्ख्या मराठवाड्याची पोरं तिकडे पळतात, तशीच मीही पळाले. पहाटे पाचला क्लास, दुपारी कॉलेज, रात्री टेस्ट सिरीज. बारावीच्या केमिस्ट्रीतला द्रावणांचा धडा मला तोंडपाठ होता. राउल्टचा नियम, हेन्रीचा नियम, उकळबिंदू वाढतो, गोठणबिंदू उतरतो, परासरण दाब. फॉर्म्युल्यात आकडे टाका, उत्तर काढा, पुढचा प्रश्न. त्या धड्यात माझा एकही मार्क गेला नाही. पण पाणी पिवळं का होतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

"सांगते," म्हणाले आणि फोन ठेवला. ऑफिसमध्ये 'लेट मी गेट बॅक टू यू' म्हणतात ना, ते मी माझ्या बापाला म्हणाले.

मग चहा केला. चहात साखर घातली, ढवळली आणि ती दिसेनाशी झाली. तिथेच थांबले. द्रावण म्हणजे हेच की. साखर गेली नाही, ती आहे, फक्त दिसत नाही. तिचा एकेक रेणू सुटा होऊन पाण्याच्या गर्दीत मिसळला. मिठाचं मात्र जरा वेगळं. मिठाचा खडा पाण्यात गेला की त्याचे दोन तुकडे होतात, एक धन भाराचा सोडियम, एक ऋण भाराचा क्लोराइड. भार असलेले हे कण, म्हणजे आयन, पाण्यातून वीज वाहून नेतात. साखरेच्या पाण्यातून वीज फारशी जात नाही, मिठाच्या पाण्यातून सुसाट जाते. ज्या पाण्यात काहीच विरघळलेलं नाही ते जवळपास ढिम्म असतं.

आता तो ग्लास आठवा. सळयांची एक जोडी लोखंडाची. नळाच्या पाण्यात क्षार आहेत, म्हणून वीज वाहिली. वीज वाहिली की एका सळईचं लोखंड सुटून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज होतो. पिवळा, मग तपकिरी, मग गाळ. म्हणजे तो गाळ आपल्या पाण्यातला नव्हताच. तो त्या पोराच्या सळईतला होता! आर.ओ.च्या पाण्यात क्षार जवळपास नाहीत, वीज वाहिली नाही, सळई गंजली नाही, पाणी स्वच्छ राहिलं. जादू खलास.

पाण्यात आयन असतात ही गोष्ट स्वान्ते अऱ्हेनियस नावाच्या स्वीडिश तरुणाने १८८४ साली पीएच.डी.च्या प्रबंधात मांडली. परीक्षकांना ती इतकी विचित्र वाटली की त्याला जेमतेम पास केलं. त्याच कामासाठी १९०३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. लातूरला टेस्टमध्ये मार्क कमी पडून बाथरूममध्ये रडणाऱ्या पोरांना ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. आम्हाला त्याचं नाव होतं, साल होतं, गोष्ट नव्हती.

मी बाबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

"म्हणजे पाणी चांगलं आहे?"

"तसं नाही बाबा. त्या टेस्टवरून पाणी चांगलं की वाईट हे कळतच नाही, एवढंच."

"अन् हे सिद्ध कसं करायचं?"

"त्याच्या आर.ओ.च्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका अन् परत बटण दाबायला सांगा."

बाबा नुसते "हं" म्हणाले. या 'हं'चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे. शनिवारी तोच पोरगा शेजारच्या काकांकडे येणार होता.

त्या शुक्रवारी रात्रीच्या बसने मी नांदेड गाठलं. येताना दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर घेऊन आले. पेनासारखं असतं ते, पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ, एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंत उत्तम आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. आमच्या नळाला पाणी येतं ते विष्णुपुरीचं, म्हणजे गोदावरीचं. मीटरने आकडा दाखवला २८०. आईने चष्मा लावून दोनदा वाचला. मग मशीनचं पाणी मोजलं. २५.

"म्हणजे कमी तेवढं चांगलं?" आईने विचारलं.

इथे खरा लोचा आहे. हा मीटर क्षार मोजतच नाही, तो वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून अंदाजाने आकडा सांगतो. आईसमोर मी एका ग्लासात दोन चमचे साखर विरघळवली. मीटर जवळपास जागचा हलला नाही. दुसऱ्यात मिठाची कणी टाकली, मीटरने उडी मारली. मग त्याला जंतू दिसतात का? नाही. किनवट भागातल्या काही गावांमध्ये बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडतं, त्याने दात पिवळे पडतात, हाडं धरतात. मानक सांगतं की फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत हवं, फार तर १.५. आता २८० च्या आकड्यात १ वाढला की २ वाढले, हे मीटरवरून कोण ओळखणार? मीटर 'किती' सांगतो, 'कोण' ते सांगत नाही. ते कळायला लॅबच पाहिजे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असतात, बाटली तिथे न्यायची.

मला आमचे बारावीचे दिवस आठवले. तिथेही एकच आकडा सगळ्यांच्या कपाळावर असायचा. पोरगं आत काय घेऊन बसलंय, ते कुठल्या मीटरवर येत नव्हतं.

शनिवारी शेजारी प्रयोग रंगला. बाबा आधीच जाऊन बसले होते, खिशात पुडीत मीठ. पोराने ग्लास मांडले, बटण दाबलं, नळाचं पाणी पिवळं झालं, काकू "अगं बाई" म्हणाल्या. मग बाबा उठले. "बाळा, तुझ्या पाण्यात एवढं टाकतो अन् परत लाव." पोरगा गोंधळला. त्याने बटण दाबलं. आर.ओ.चं पाणी बघता बघता नळाच्या पाण्यापेक्षा काळवंडलं.

मला वाटलं होतं, मजा येईल. आली नाही. पोराचा चेहरा उतरला. बी.एस्सी. झालेला होता, केमिस्ट्रीच. "काका, आम्हाला ट्रेनिंगमध्ये असंच सांगितलंय," तो म्हणाला, "महिन्याला टार्गेट असतं." बाबांनी त्याला बसवलं, चहा पाजला. तो आणि मी एकच धडा शिकलो होतो, बहुतेक सारखेच मार्क पडले होते आणि दोघांनाही त्या ग्लासात काय होतंय ते माहीत नव्हतं. फरक इतकाच की मला एसी ऑफिस मिळालं आणि त्याला दारोदार फिरणं.

आता प्रश्न उरला मशीनचा. परत घेणार नाहीत म्हणाले. बाबा म्हणाले, ठेवू, खराब तर नाही करत. पण ते मशीन काय करतं तेही बघायला हवं ना.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, हे तुमच्या आजीला माहीत आहे. फोडीच्या आतलं पाणी बाहेरच्या खारट भागाकडे धावतं. वाळलेल्या मनुका साध्या पाण्यात टाकल्या की उलटं होतं, त्या टम्म फुगतात. पातळ पडदा मध्ये असेल तर पाणी कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे जातं, हे परासरण. ते थांबवायला जेवढा जोर लावावा लागतो तो परासरण दाब. तो मोजताना कण कोणते याला फारशी किंमत नाही, किती आहेत याला आहे. मिठाचा एक रेणू तिथे दोघांइतका मोजला जातो, साखरेचा एकच. फान्ट हॉफ नावाच्या डच माणसाने याचा नियम मांडला आणि १९०१ साली केमिस्ट्रीचं पहिलंवहिलं नोबेल त्याला मिळालं.

आणि त्या दाबापेक्षा जास्त जोर उलट्या बाजूने लावला तर? पाणी खारट बाजूकडून गोड्या बाजूकडे यायला लागतं, क्षार मागे राहतात. हेच रिव्हर्स ऑस्मॉसिस, तुमचं आमचं आर.ओ. त्यासाठी लागणारा कामचलाऊ पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि भारतातून गेलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी बनवला. त्यांच्या डोळ्यांसमोर होतं समुद्राचं पाणी. समुद्राचा परासरण दाब हवेच्या दाबाच्या पंचवीसपटीहून जास्त भरतो. आमच्या नांदेडच्या नळाचा त्यापुढे किस झाड की पत्ती!

शिवाय मागे राहिलेले क्षार कुठेतरी वाहून न्यावे लागतात. म्हणून घरातलं मशीन एक ग्लास पाणी देताना साधारण दोन-तीन ग्लास पाणी मोरीत सोडतं. २८० चं पाणी २५ वर आणायला एवढी नासाडी. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने याच कारणासाठी पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं, की टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आर.ओ. वापरूच देऊ नका.

मोरीत पडणारी ती धार बघून मला लातूर आठवलं. १२ एप्रिल २०१६. त्या दिवशी पहाटे मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर. टीव्हीवर जल्लोष होता. मी पुण्यात नवीनच नोकरीला लागले होते, कँटीनमध्ये बसून हिशेब केला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर. माणशी सव्वा लिटर आणि थोडंसं. नंतर पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, पंचवीस लाख लिटरची, तरी माणशी सहा-साडेसहा लिटर. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि पाणी भरायच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये १४४ कलम लावावं लागलं होतं. गाडीच्या शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या.

मावशीकडे तेव्हा पाण्याची तीन खाती होती. प्यायचं, स्वयंपाकाचं आणि सांडायचं. प्यायचं जारमधलं, विकतचं. बाकी दोन बोअरचं किंवा टँकरचं, मचूळ आणि जड. साबणाला फेस नाही, बादलीला पांढरी पुटं. आणि डाळ शिजायची नाही.

डाळ शिजायची नाही, कुठे? लातूरला! जिथल्या डाळमिलांची तूरडाळ गावोगाव जाते तिथे. जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि मावशी चार शिट्ट्या, सहा शिट्ट्या, आठ शिट्ट्या. "डाळ शिजंना बघ," म्हणायची, "गॅस संपूलालाय नुसता."

बारावीत असताना मी तिला शहाणपण शिकवलं होतं. "मावशी, पाण्यात क्षार असले की उकळबिंदू वाढतो. म्हणजे पाणी जास्त गरम होतं. म्हणजे डाळ लवकर शिजायला पाहिजे." मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग कुकरकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही. माझं वाक्य पेपरात लिहिलं असतं तर पूर्ण मार्क होते.

आकडा काढून बघा. एक लिटर पाण्यात दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम मीठ टाकलं तर उकळबिंदू वाढतो ०.१७ अंशाने. बोअरच्या पाण्यात त्याहून कितीतरी कमी क्षार असतात, तिथे वाढ अंशाच्या दोन-तीन शतांशांची. उलट लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, त्यामुळे तिथे पाणी उकळतंच मुळी ९८ च्या आसपास. मिठाने कमावलं काय, उंचीने गमावलं किती! नियम खरा, पण डाळीचा मामला त्याच्या हातातला नाही. (आणि हो, पास्ता उकळताना मीठ टाकलं की पाणी जास्त गरम होतं म्हणणाऱ्या तुमच्या रूममेटलाही हे सांगा. मीठ चवीसाठी असतं.)

डाळीचा शत्रू वेगळा, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. आपल्या काळ्या बेसाल्टच्या खडकातून पाणी झिरपताना ते घेऊन येतं. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन असतं. शिजताना ते सुटलं की डाळ मऊ होते. कॅल्शियम जाऊन त्याला आणखी घट्ट बांधून ठेवतं. म्हणून मावशी चिमूटभर खायचा सोडा टाकायची, त्याने पेक्टिन सैल होतं, पण बी-१ जीवनसत्त्वाचाही बळी जातो. आणि म्हणूनच चिंच कधीच आधी घालायची नाही, आंबटाने पेक्टिन सुटत नाही. मावशीला पेक्टिन हा शब्द माहीत नाही. पण चिंच ती कायम डाळ घोटल्यावर घालते.

म्हणजे इथे 'किती' नाही, 'कोण' महत्त्वाचं. उकळबिंदू आणि परासरण दाब फक्त डोकी मोजतात, पण डाळ माणसं ओळखते.

रविवारी सकाळी बाबांनी मशीन भिंतीवरून उतरवलं. आईच्या समाधानासाठी घरात साधा यू.व्ही.चा फिल्टर बसवायचं ठरलं. तो जंतू मारतो, क्षारांना हात लावत नाही, पाणी फेकत नाही. आणि गच्चीवरची टाकी कित्येक वर्षांत धुतली नव्हती ती बाबांनी स्वतः उतरून धुतली. गाळ निघाला बरं का. तो मात्र आपलाच होता.

मशीन जुन्या चादरीत गुंडाळून आम्ही लातूरला नेलं. मावशीच्या बोअरचं पाणी मोजलं, १४५०. इथे त्याचा उपयोग होता. प्लंबर बोलावून बसवलं. फेकलेल्या पाण्याची नळी मावशीने मोरीत जाऊच दिली नाही, सरळ बादलीत सोडली. "ते सांडायला होतंय की," म्हणाली. फरशी, संडास, अंगणातला सडा. २०१६ पाहिलेली बाई आहे ती.

दुपारी डाळ चार शिट्ट्यांत शिजली. मावशीने झाकण काढून रवी फिरवली, डाळ एकजीव झाली. मग चिंचेचा कोळ घातला. बाबा ताट घेऊन बसले, पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"बाळ, एक सांग. सोड्याची बाटली उघडली की फुस्स का होतं?"

हेन्रीचा नियम. बारावी, तोच धडा. या वेळी मी लगेच उत्तर दिलं नाही. म्हटलं, "बाबा, उद्या एक थंड अन् एक कोमट बाटली आणा. दोन्ही उघडून बघू."